घरचा अभ्यास आणि वर्गातले ताट: पदव्युत्तर पोषणशास्त्राच्या एका वर्गातील फ्लिप्ड क्लासरूमचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयातील एम.एस्सी. आहारशास्त्राच्या एका वर्गाचे आणि एका सत्राचे आहे. विषय वैद्यकीय पोषणोपचार हा होता आणि तो मी स्वतः शिकवत होते. वर्गात वीस-बावीस विद्यार्थिनी होत्या. काहींनी गृहविज्ञानाची पदवी घेतली होती, काही सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या होत्या. साधारण निम्म्या जणी वसतिगृहात राहत आणि उरलेल्या आसपासच्या तालुक्यांतून एस.टी.ने ये-जा करत. तिघींची लग्ने झाली होती व त्यांपैकी एकीला लहान मूल होते. ही माहिती सुरुवातीलाच देण्याचे कारण असे की, या सत्रात जे काही घडले त्याचा उलगडा अध्यापनपद्धतीच्या सिद्धांतापेक्षा या तपशिलांतून अधिक होतो, आणि सत्राची आखणी करताना मी नेमके त्यांच्याकडेच पुरेसे लक्ष दिले नव्हते.

पद्धत बदलण्याची गरज इंटर्नशिपमुळे जाणवली. आमच्या विद्यार्थिनी रुग्णालयात गेल्या की तेथील आहारतज्ज्ञांकडून वर्षानुवर्षे एकच गोष्ट ऐकू येत असे. मुलींना तत्त्वे पाठ असतात, कमी पोटॅशियमचा आहार म्हणजे काय ते त्या व्यवस्थित लिहितात. पण रुग्णाच्या पत्नीने आज संध्याकाळी कोणती भाजी करू असे विचारले की त्यांना उत्तर सुचत नाही. मी वर्गात जे शिकवत होते त्याचा हा थेट परिणाम होता. तासभर मी बोलायचे, त्या लिहून घ्यायच्या, आणि ज्ञान वापरून पाहण्याचे खरे अवघड काम त्या घरी, एकट्याने, जर्नल पूर्ण करताना करायच्या. बहुतेक वेळा ते मागील वर्षाच्या जर्नलवरून उतरवले जाई.

फ्लिप्ड क्लासरूम या पद्धतीत हा क्रम उलटा करतात. माहिती आधी घरी ऐकायची किंवा वाचायची आणि वर्गातला वेळ ती वापरण्यासाठी ठेवायचा. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क या डोंगराळ भागातील शाळेतले रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स, यांनी २००७ च्या सुमारास आपल्या पाठांचे ध्वनिचित्रमुद्रण सुरू केले, तेव्हा स्पर्धा व इतर कार्यक्रमांमुळे वर्ग बुडणाऱ्या मुलांची सोय हा त्यामागचा हेतू होता. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर वर्गात व्याख्यान देण्याऐवजी प्रश्न मांडून विद्यार्थ्यांना आपापसात चर्चा करायला लावत होते. बर्गमन आणि सॅम्स यांच्या पद्धतीचा उगम गैरहजर विद्यार्थ्यांच्या सोयीत आहे, ही गोष्ट मला एस.टी. चुकल्यामुळे पहिला तास बुडणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींमुळे फार जवळची वाटली होती. पाठ मुद्रित असेल तर बस चुकली तरी विषय चुकणार नाही, असा माझा साधा हिशोब होता.

अनुभव कसे नोंदवले

विद्यार्थिनींचे अनुभव तीन मार्गांनी गोळा केले. दर शनिवारी प्रत्येकीने नाव न घालता एक चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची होती. पहिल्या महिन्याच्या अखेरीस आणि सत्राच्या शेवटी दुसऱ्या विभागातील एका सहकारी प्राध्यापिकेने विद्यार्थिनींशी गटाने चर्चा केली. त्या चर्चेला मी उपस्थित नव्हते आणि मला फक्त नावे वगळलेले टिपण मिळाले. तिसरी म्हणजे माझी स्वतःची रोजनिशी. या सर्व गोष्टी नावाविना लिहिण्यास विद्यार्थिनींनी लेखी संमती दिली आहे. शिकवणारी, गुण देणारी आणि निरीक्षण करणारी मीच असल्यामुळे या नोंदींना असलेली मर्यादा उघड आहे. माझ्यासमोर बोलताना त्या सौम्य बोलत आणि चिठ्ठीत स्पष्ट लिहीत, हा फरक मला पहिल्याच महिन्यात दिसला. म्हणून पुढील लेखनात चिठ्ठ्या आणि सहकाऱ्यांचे टिपण यांवर मी अधिक विसंबले आहे.

पहिले चार आठवडे

सुरुवातीची आखणी मी मोठ्या उत्साहाने केली होती आणि तिच्यातली चूक तितकीच मोठी होती. पूर्वी वर्गात दिलेली व्याख्याने मी जवळपास जशीच्या तशी मुद्रित केली. प्रत्येक पाठ पस्तीस ते चाळीस मिनिटांचा, आठवड्याला असे दोन पाठ, प्रत्येकासोबत दहा वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी, आणि चाचणीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरायचे. वर्गातल्या तासाला मात्र मी तेवढा विचार दिला नव्हता. चर्चा आपोआप होईल असे मी गृहीत धरले होते.

पहिल्या आठवड्याच्या चिठ्ठ्यांमध्ये नाराजी होती आणि तिचा सूर बहुतेक सारखाच होता. मॅडम आता शिकवत नाहीत, आम्हालाच शिकायला सांगतात. फी भरून महाविद्यालयात यायचे आणि पाठ मोबाइलवर पाहायचा, तर यायचे कशाला, असा प्रश्न एकीने लिहिला होता. ही तक्रार आळसातून येते असे शिक्षकांच्या खोलीत सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. बारावीपर्यंत आणि पुढे पदवीपर्यंत ज्या मुलींना चांगला विद्यार्थी म्हणजे शांत बसून नीट लिहून घेणारा असे शिकवले गेले, त्यांच्याकडून आपण एका सोमवारी अचानक निराळ्या वागण्याची अपेक्षा करतो आणि त्यामागचे कारणही धड सांगत नाही. मी ते कारण पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले होते.

नाराजीपेक्षा गंभीर बाब दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात उघड झाली. चाचणीत जवळपास सर्वांना पूर्ण गुण मिळत होते आणि वर्गात आल्यावर मात्र कोणालाच काही बोलता येत नव्हते. चिठ्ठ्यांतून कळले की उत्तरे व्हॉट्सॲपच्या गटावर फिरत होती, आणि ज्या पाठ पाहत होत्या त्यांच्यापैकीही अनेक जणी तो पावणेदोन पट वेगाने पाहत होत्या. मला राग आला, हे मान्य करते. पण पहिल्या गटचर्चेचे टिपण वाचल्यावर तो राग टिकला नाही.

त्या टिपणात विद्यार्थिनींनी आपापल्या संध्याकाळी सांगितल्या होत्या. एक जण साडेसहाच्या एस.टी.ने घरी पोचते, आल्याबरोबर स्वयंपाकाला लागते, जेवणे आणि आवराआवर होईपर्यंत दहा वाजतात. त्यानंतर पाठ उघडला की अर्ध्यात झोप लागते. दुसरीच्या गावात रेंज फक्त गच्चीवर मिळते आणि अंधार पडल्यावर गच्चीवर मोबाइल घेऊन बसलेली मुलगी घरच्यांना चालत नाही. तिसरीच्या घरी एकच चांगला मोबाइल आहे आणि रात्री तो धाकट्या भावाच्या हातात असतो. लहान मूल असलेल्या विद्यार्थिनीने सांगितले की तिने एक पाठ सात तुकड्यांत पाहिला आणि शेवटी तिला सुरुवातीचे काही आठवत नव्हते. वसतिगृहातल्या मुलींना यातले काहीच अडत नव्हते. पहिल्या महिन्यात वर्गात ज्या थोड्याफार बोलत होत्या त्या जवळजवळ सगळ्या वसतिगृहातल्याच होत्या, आणि मी त्यांना हुशार समजत होते.

या प्रकरणातून मला जे सांगायचे आहे ते या ठिकाणी आहे. उलट्या वर्गात माहिती घरी पाठवली जाते, असे आपण सहजपणे म्हणतो. घरी ती ज्या वेळात शिरायची तो वेळ कोणाच्या मालकीचा आहे, हे मात्र विचारत नाही. व्याख्यानपद्धतीत निदान वर्गातला तास सर्वांना सारखा मिळत होता. एस.टी.ने येणारी आणि वसतिगृहात राहणारी, दोघी एकाच बाकावर बसून तेच ऐकत होत्या. मी तो समान तास काढून घेतला आणि त्याच्या जागी एक असमान तास ठेवला.

पाचव्या आठवड्यातले बदल

पाठ लहान केले, आठ ते बारा मिनिटांचे. प्रत्येकाची केवळ ध्वनिफीत वेगळी दिली, म्हणजे ती एस.टी.त बसून ऐकता येईल आणि डेटाही कमी लागेल. सोबत एका पानाचे छापील टिपण दिले, ज्यात आकृती आणि आकडे होते. चाचणीचे गुण बंद केले आणि त्याऐवजी पाठ ऐकून पडलेला एक प्रश्न वहीत लिहून आणायला सांगितले. लिहिलेला प्रश्न गटावर फिरवून उपयोग नसतो. दोघींचा प्रश्न शब्दशः सारखा आला तर तो लगेच दिसतो.

सर्वांत वादग्रस्त बदल वेळापत्रकातला होता. आठवड्याच्या चार तासांपैकी एक तास मी तयारीचा तास म्हणून ग्रंथालयाला लागून असलेल्या संगणककक्षात ठेवला. तेथे विद्यार्थिनींनी पाठ पाहायचा, थांबवून पुन्हा पाहायचा, शेजारणीला विचारायचे, आणि मी तेथे नुसते हजर राहायचे. काही सहकाऱ्यांनी यावर आक्षेप घेतला की पाठ महाविद्यालयातच पाहायचा असेल तर वर्ग उलटा कसला. आक्षेप तर्काला धरून होता. माझे उत्तर एवढेच होते की आपल्याला क्रम उलटा करायचा आहे, जागा नाही. माहिती आधी आणि वापर नंतर, दोन्ही वेळी मदतीला माणूस हजर, हे साधले तर पहिला भाग घरी झाला की संगणककक्षात याला महत्त्व नाही. तासांचा तुटवडा मात्र खरा होता. अभ्यासक्रमातले दोन घटक मला नेहमीपेक्षा बरेच संक्षेपाने घ्यावे लागले.

मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाचे ताट

सातव्या व आठव्या आठवड्यातील काम सविस्तर नोंदवणे आवश्यक वाटते, कारण पद्धतीचा खरा उपयोग मला तेथे प्रथम दिसला. वर्गासाठी मी एक रुग्ण रचला होता. वय ५४, शेतकरी, वजन ५८ किलो, बरीच वर्षे टाइप २ मधुमेह, दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा चौथा टप्पा, डायलिसिस सुरू नाही, रक्तातील पोटॅशियम लिटरला ५.८ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे वाढलेले. घरी ज्वारीची भाकरी, आमटी, पालेभाजी, रात्री थोडा भात. विद्यार्थिनींनी पाच गटांत बसून पोषणोपचार प्रक्रियेच्या चार पायऱ्यांनी, म्हणजे मूल्यांकन, पोषणनिदान, उपाययोजना आणि पाठपुरावा या क्रमाने, त्याचा आहार ठरवायचा होता. ही चार पायऱ्यांची चौकट अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये स्वीकारली आणि आता अनेक देशांत ती शिकवली जाते.

तत्त्व सर्वांना ठाऊक होते. डायलिसिस न घेणाऱ्या, मधुमेह असलेल्या अशा रुग्णासाठी प्रथिने दर किलो वजनामागे ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ३५ ते ४६ ग्रॅम. तीन गटांनी लगोलग डाळ बंद केली, कारण डाळ म्हणजे प्रथिने हे समीकरण शाळेपासून पक्के आहे. मी त्यांना फक्त भाकरीचा हिशोब करायला सांगितला. दिवसाला ४ भाकरी, प्रत्येकी साधारण ६० ग्रॅम पीठ, म्हणजे २४० ग्रॅम ज्वारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने दिली आहेत. म्हणजे डाळ आणि दूध यांना हात लावण्यापूर्वीच भाकरीतून २४ ग्रॅम प्रथिने पोटात गेली होती. हा आकडा फळ्यावर आल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मला नीट आठवते. त्यानंतर पुढचा अर्धा तास मला काहीच बोलावे लागले नाही. डाळ किती ठेवता येईल, एका भाकरीऐवजी भात दिला तर प्रथिने किती कमी होतील आणि मग साखरेचे काय होईल, केवळ भाकरी कमी केली तर उष्मांक कोठून आणायचे, हे प्रश्न त्या एकमेकींना विचारत होत्या. अखेर बहुतेक गटांनी ३० ग्रॅम तूरडाळीची पातळ आमटी ताटात परत आणली.

दुसरी घटना मिठाची. एका गटाने मोठ्या आत्मविश्वासाने रुग्णाला बाजारात मिळणारे लो सोडियम मीठ सुचवले होते. उच्च रक्तदाबाच्या पाठात त्यांनी ते ऐकले होते आणि सोडियम कमी करायचे हे सूत्र येथेही लागू होते. दुसऱ्या गटातील एका विद्यार्थिनीने, जी सहसा बोलत नसे, विचारले की सोडियम काढून त्या जागी काय घालतात. मोबाइलवर त्या मिठाच्या पाकिटाचे छायाचित्र शोधून घटकांची यादी वाचली गेली: पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियम आधीच ५.८ असलेल्या माणसाला आपण रोज चमचाभर काय देणार होतो, हे त्या गटाला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन जीव जाऊ शकतो. व्याख्यान देत असताना मी ही सूचना दरवर्षी एका वाक्यात देत असे, दरवर्षी ती सर्वांच्या वहीत नीट उतरत असे, आणि ती कोणाला खरोखर समजली आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता.

तिसरा प्रसंग भाजीच्या पाण्याचा. पोटॅशियम कमी करण्यासाठी भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायची, मग उकडून ते पाणी ओतून द्यायचे, ही रीत सर्वांना माहीत होती. प्रत्यक्ष समुपदेशनाच्या सरावात एक विद्यार्थिनी रुग्णाची आई झाली आणि तिने पहिलाच प्रश्न केला की भाजीचे पाणी फेकायचे कसे, सगळे सत्त्व तर त्यातच असते. आहारतज्ज्ञ झालेल्या विद्यार्थिनीला उत्तर देता येईना, कारण पदवीच्या पहिल्या वर्षी ब आणि क जीवनसत्त्वे वाया जाऊ नयेत म्हणून हेच पाणी टाकू नका असे आम्ही स्वतःच शिकवलेले असते. दोन्ही विधाने खरी आहेत आणि ज्या माणसाचे मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही त्याच्यासाठी पाणी टाकून देणेच आधी येते, हे त्या आजीबाईंना त्यांच्या भाषेत सांगण्याचे तिचे तीन प्रयत्न फसले. चौथ्या वेळी तिने विचारले, तुमच्याकडे कोणी आजारी माणसाला भेटायला येतं तेव्हा काय घेऊन येतं? उत्तर अर्थातच शहाळे असे आले, आणि शहाळ्याच्या पाण्यातल्या पोटॅशियमपासून पुढचे बोलणे सुरळीत झाले. हा मार्ग तिला कोणत्याही पाठाने दिला नव्हता.

याच आठवड्यात भाकरीच्या वजनाचा प्रश्न निघाला. एक भाकरी म्हणजे किती, यावर एकमत होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी ज्या घरून येत होत्या त्यांनी घरची भाकरी आणली आणि प्रयोगशाळेतल्या काट्यावर ती तोलली. एकीच्या घरची भाकरी दुसरीच्या जवळजवळ दुप्पट भरली. वसतिगृहातल्या मुलींकडे तोलायला काही नव्हते. पहिल्या महिन्यात ज्या मागे पडल्या होत्या त्या आता पुढे होत्या: पीठ किती घेतात, आमटी चार माणसांसाठी केलेली सहा माणसांना कशी पुरवतात, रुग्णासाठी वेगळी भाजी करणे कोणत्या घरात शक्य असते आणि कोणत्या घरात नसते, हे त्यांना माहीत होते. एकीने त्या शनिवारच्या चिठ्ठीत लिहिले की आपल्या घरचा स्वयंपाक अभ्यासाच्या आड येतो असेच आजवर वाटत होते, तो अभ्यासाला उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

जेथे पद्धत उपयोगी पडली नाही

अकराव्या आठवड्यात रिफीडिंग सिंड्रोम हा घटक होता. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पुरेसे अन्न दिले की इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वेगाने पेशींमध्ये ओढले जातात, रक्तातील फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत उतरते, आणि थायमिनची (ब१ जीवनसत्त्वाची) कमतरता असेल तर मेंदूवरही परिणाम होतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जास्त धोका असलेल्या रुग्णाला सुरुवातीला दर किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त १० किलोकॅलरी द्यायच्या आणि त्याआधी थायमिन सुरू करायचे. बारा मिनिटांचा पाठ चांगला झाला होता. टिपणही स्पष्ट होते. वर्गात ४० किलो वजनाच्या, दहा-बारा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या रुग्णाचे प्रकरण दिले, आणि पाचपैकी चार गटांनी पहिल्या दिवशी बाराशे ते पंधराशे किलोकॅलरी लिहिल्या.

त्यांनी पाठ ऐकला नव्हता असे नव्हे. यंत्रणा त्यांनी शब्दशः सांगितली. पण ४० किलोच्या उपाशी माणसाला ४०० किलोकॅलरी, म्हणजे आपण त्याला आणखी उपाशी ठेवायचे, ही गोष्ट त्यांच्या मनाला पटत नव्हती. भुकेल्याला पोटभर वाढावे हे आपल्याकडे घराघरांत शिकवले जाते आणि पोषणशास्त्राकडे येणाऱ्या मुलीच्या मनात तर ते अधिकच खोल असते. असे आतून उलटे वाटणारे सत्य एकटीने कानात इअरफोन घालून ऐकून स्वीकारता येत नाही, असे माझे मत झाले आहे. मी चर्चा थांबवली आणि खडू घेऊन पूर्ण तासभर शिकवले: उपासमारीत शरीर चरबीवर कसे चालते, ग्लुकोज आल्यावर पेशीच्या दारात काय घडते, फॉस्फेट नसेल तर श्वासाचे स्नायूही कसे थकतात. मध्ये मध्ये त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून मी मागे गेले, उदाहरण बदलले. त्या शनिवारी अनेक चिठ्ठ्यांत हा तास सत्रातला सर्वांत चांगला तास होता असे लिहून आले. फ्लिप्ड क्लासरूमच्या बाजूने उभ्या असलेल्या शिक्षिकेला हे वाचणे सोपे नव्हते. पण ते बरोबर होते. आम्ल-आम्लारी संतुलन आणि रिफीडिंग हे दोन घटक मी यापुढे आधी फळ्यावर शिकवणार आहे.

भाषा आणि परीक्षा

पाठ इंग्रजीत ठेवावेत की मराठीत, याचा निर्णय मी सुरुवातीला इंग्रजीच्या बाजूने घेतला होता, कारण पुस्तके आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत आहेत. पाचव्या आठवड्यानंतर स्पष्टीकरण मराठीत आणि संज्ञा इंग्रजीत असे पाठ केले. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनींनी वहीत आणलेल्या प्रश्नांचा दर्जा त्यानंतर लगेच सुधारला. आधी त्या शब्दाचा अर्थ विचारत होत्या, आता कारण विचारू लागल्या. शिवाय रुग्णाशी त्यांना मराठीतच बोलायचे आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ) वाढले आहे हे रुग्ण स्वतःच सांगतो, तो शब्द आता खेड्यापाड्यांत पोचला आहे. पण ते वाढणे म्हणजे काय हे सोप्या शब्दांत सांगण्याचा सराव वर्गात झाला नाही तर कोठेच होत नाही.

परीक्षेची चिंता मात्र सत्रभर होती आणि ती रास्त होती. विद्यापीठाची लेखी परीक्षा पूर्वीसारखीच राहिली: व्याख्या, टिपा, दीर्घोत्तरी प्रश्न. वर्गात ताट रचायला शिकायचे आणि परीक्षेत टिपा लिहायच्या, हा विसंवाद विद्यार्थिनींच्या लक्षात माझ्या आधी आला. शेवटचे दोन आठवडे मी उत्तरलेखनाच्या सरावाला दिले. निकाल नेहमीच्या वर्षांसारखाच लागला. त्यावरून पद्धतीच्या बाजूने किंवा विरुद्ध काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही, कारण त्या परीक्षेत ताटाचा प्रश्नच नव्हता.

एका विद्यार्थिनीचे मत

शेवटच्या गटचर्चेत बहुतेकींनी पुढील वर्षीही हीच पद्धत ठेवावी असे सांगितले. एका विवाहित विद्यार्थिनीने मात्र ठामपणे व्याख्यानपद्धत परत मागितली. तिचे कारण टिपणात असे नोंदवले आहे: घरी दिवसभर कोणी ना कोणी तिला काहीतरी विचारत असते आणि तिच्याकडून काहीतरी हवे असते, वर्गात शांत बसून ऐकण्याचा तास हा दिवसातला एकमेव तास होता ज्यात तिच्याकडे कोणी काही मागत नसे. गटकार्यात तिचे काम चांगले होते, मिठाच्या पाकिटाचा प्रश्न विचारणारी हीच विद्यार्थिनी असावी असा माझा अंदाज आहे. तरीही तिला तो ऐकण्याचा तास हवा होता.

पुढील सत्राचे वेळापत्रक मी विभागाकडे दिले आहे. आठवड्याच्या चार तासांत एक तयारीचा, दोन प्रकरणांवरील गटकार्याचे आणि एक व्याख्यानाचा, असे ते आहे. तयारीचा तास सकाळी पहिला ठेवण्याचे सुचवले गेले होते. तो मी दुपारी बाराचा करून घेतला आहे, कारण पहिल्या तासाला तालुक्याची एस.टी. पोचलेली नसते.